एक्स-रेची पिशवी ते भाड्याचं गोदाम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नांदेडहून हैदराबादला किंवा लातूरहून सोलापूर-पुण्याला जाणाऱ्या गाडीत मोठ्या दवाखान्यात निघालेला पेशंट ओळखायला फार वेळ लागत नाही. त्याच्या सोबतच्या नातेवाइकाच्या हातात एक मोठी, चपटी पिशवी असते. ती कुणी सीटखाली कोंबत नाही. आतल्या फिल्मा वाकू नयेत म्हणून मांडीवर उभी धरून ठेवतात. त्या पिशवीत एक्स-रे असतात, सिटी स्कॅनच्या काळ्या फिल्मा असतात, रक्ताचे रिपोर्ट आणि आधीच्या दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड असतं. मराठवाड्यातल्या माणसाच्या आजारपणाचा सगळा इतिहास वर्षानुवर्षं अशाच पिशवीतून गावोगाव फिरला.

हल्ली ही पिशवी रोडावत चालली आहे. स्कॅन झाला की मोबाइलवर एक लिंक येते. ती उघडली की रिपोर्ट दिसतो, कधीकधी चित्रंही दिसतात. फिल्मचा खर्च वाचला, ओझं वाचलं. पण पिशवी हातात होती तेव्हा एक गोष्ट स्पष्ट होती, की आतला एक्स-रे आपला आहे. आता तो कुणाचा, कुठे ठेवलेला आणि किती दिवस राहणार, हे पेशंटला माहीत नसतं आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही सांगता येत नाही. हा बदल कसा घडला ते पाहण्यासाठी सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल.

८ नोव्हेंबर १८९५ या दिवशी जर्मनीतल्या वुर्झबर्ग इथे विल्हेम राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांनी आपल्या पत्नीच्या हाताचं चित्र घेतलं. बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी त्यात दिसते. १९०१ साली भौतिकशास्त्राचं पहिलं नोबेल पारितोषिक राँटजेन यांना मिळालं. या शोधाचं पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही. ज्ञान सगळ्यांचं आहे, अशी त्यांची भूमिका होती. म्हणून काही महिन्यांतच जगभरचे डॉक्टर क्ष-किरण वापरू लागले.

पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं या चित्राचं स्वरूप फारसं बदललं नाही. आधी काच आणि मग फिल्म. अंधाऱ्या खोलीत रसायनात बुडवायची, धुवायची, वाळवायची. तयार होणारी प्रत एकच. ज्याच्या हाती फिल्म, त्याच्याच हाती चित्र. आपल्याकडे पैसे मोजून पेशंट फिल्म घरी नेत असे आणि ती पत्र्याच्या ट्रंकेत किंवा कपाटावर ठेवत असे. काही वर्षांनी घर आवरताना ती भंगारवाल्याकडे जाई, कारण फिल्मवर चांदीचे क्षार असतात आणि ती चांदी काढून घेता येते. जपायची की विकायची, हे घरचे लोकच ठरवत.

ही व्यवस्था बदलायला सुरुवात झाली ती १९७१ मध्ये. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डन इथल्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सिटी स्कॅन झाला. यंत्र बनवणारे अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड ईएमआय कंपनीत काम करत. रेडिओच्या श्रोत्यांना ही कंपनी परकी वाटू नये. कुत्रा आणि भोंग्याचं चित्र असलेल्या ज्या एचएमव्ही तबकड्या आपल्या घराघरांत वाजल्या, त्या याच कंपनीच्या कुटुंबातल्या. हाउन्सफील्ड यांना १९७९ मध्ये ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

सिटी स्कॅनमध्ये चित्र आधी फिल्मवर उमटत नाही. यंत्र शरीराच्या एका कापाचे हजारो छोटे चौकोन करतं आणि प्रत्येक चौकोनाला एक आकडा देतं. पाण्याला शून्य, हवेला उणे एक हजार, हाडाला मोठा धन आकडा. फुफ्फुस, रक्त, चरबी, सगळ्यांचे आकडे ठरलेले. चित्र म्हणजे मुळात आकड्यांचा तक्ता, आणि फिल्म ही त्या तक्त्याची छापील प्रत. शिवाय ती अपुरी प्रत. डॉक्टर संगणकावर त्याच आकड्यांकडे एकदा फुफ्फुसासाठी, एकदा हाडासाठी, एकदा मेंदूसाठी असं वेगवेगळ्या प्रकाशात पाहू शकतात. फिल्मवर छापताना कुणीतरी त्यातलं एक रूप निवडतं, बाकीची मागे राहतात. म्हणजे १९७१ पासून अस्सल चित्र यंत्रापाशी राहू लागलं आणि पेशंटच्या पिशवीत त्याची नक्कल येऊ लागली. तेव्हा हे कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं.

पुढे अडचण आली ती यंत्रांच्या कंपन्यांमुळे. प्रत्येक कंपनी आपल्या यंत्रातले आकडे आपल्याच पद्धतीने साठवत असे. एका कंपनीच्या यंत्रातलं चित्र दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर उघडत नसे. मोंढ्यात प्रत्येक आडत्याने स्वतःचं वेगळं माप ठेवलं तर शेतकऱ्याचं जे होईल, ते रुग्णालयांचं होऊ लागलं. म्हणून १९८३ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजी तज्ज्ञांची संघटना आणि विद्युत उपकरणं बनवणाऱ्यांची संघटना एकत्र बसल्या. १९८५ मध्ये त्यांचं पहिलं मानक आलं आणि १९९३ मध्ये ते सुधारून ‘डायकॉम’ या नावाने रूढ झालं. डायकॉमच्या फाइलमध्ये चित्राबरोबर पेशंटचं नाव, तारीख, यंत्र, तपासणीचा प्रकार ही माहितीही असते. कुठल्याही कंपनीच्या यंत्रातलं चित्र जगातल्या कुठल्याही तज्ज्ञाला उघडता यावं, हा त्याचा हेतू. आज नांदेडमध्ये काढलेला एमआरआय हैदराबादच्या डॉक्टरांना पाहता येतो तो या समान मापामुळे.

१९९३ हे साल उच्चारलं की लातूरच्या माणसाला मात्र दुसरंच काही आठवतं. त्या वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतली गावंच्या गावं दगडमातीच्या ढिगाऱ्यात गेली. सुमारे दहा हजार माणसं मृत्युमुखी पडली. जखमींना लातूर, सोलापूर, उमरगा अशा ठिकाणच्या रुग्णालयांत हलवावं लागलं. लातूरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय तेव्हा सुरूही झालेलं नव्हतं. ते २००२ मध्ये आलं. डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये उभं केलेलं विवेकानंद रुग्णालय शहरात होतं आणि भूकंपानंतरच्या मदतकार्यात ते उतरलं.

अशा आपत्तीत मोडलेल्या हाडांचा एक्स-रे हीच पहिली तपासणी असते आणि पेशंट एका रुग्णालयातून दुसरीकडे जातो तेव्हा तीच फिल्म त्याच्यासोबत जावी लागते. ज्याचं घर पडलं, त्याच्या घरातले जुने कागद आणि फिल्माही त्याच ढिगाऱ्यात जातात. मधुमेह होता का, आधी शस्त्रक्रिया झाली होती का, हे सांगणारं माणूसही कदाचित उरलेलं नसतं. एकाच प्रतीवर भिस्त ठेवण्यातला धोका आपल्या भागाने असा पाहिलेला आहे. तेव्हा नोंद संगणकावर हवी, दुसऱ्या ठिकाणी तिची प्रत हवी, हे म्हणणं मराठवाड्याला कुणी बाहेरून येऊन पटवून द्यायची गरज नाही.

नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नावाचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८८ चं. आज ते विष्णुपुरीला आहे. नांदेडमध्येच नव्हे, तर हिंगोली, परभणी, यवतमाळचा उमरखेड-पुसद पट्टा आणि सीमेपलीकडचे आदिलाबाद-निजामाबाद इथूनही पेशंट नांदेडला येतात. शहरात तर डॉक्टर लेन नावाचा भागच आहे. लातूरकडे उदगीर, निलंगा, अंबाजोगाईपासून बीदरपर्यंतचे लोक येतात. सिटी आणि एमआरआयची यंत्रं या दोन्ही शहरांत आली आणि त्यांच्यासोबत एक नवा प्रश्न आला. ही चित्रं ठेवायची कुठे?

साधा हिशेब करून पाहू. सिटी स्कॅनच्या एका कापात उभ्या-आडव्या ५१२ ओळींचा तक्ता असतो. तो साठवायला सुमारे अर्धा एमबी जागा लागते. एका तपासणीत ५०० काप धरले तर २५० एमबी झाले. रोज ३० तपासण्या होत असतील तर दिवसाला साडेसात जीबी, आणि वर्षाला अडीच टीबीच्या वर. हे सांभाळायला रुग्णालयाला स्वतःचा सर्व्हर हवा, थंड खोली हवी, बॅटऱ्या हव्यात, जाणकार माणूस हवा. भारनियमनाच्या काळात नांदेड-लातूरच्या छोट्या रुग्णालयांना ऑपरेशन थिएटर चालू ठेवतानाच जनरेटरचं डिझेल पुरवायची कसरत होती. सर्व्हरसाठी वेगळी खोली कोण बांधणार?

या अडचणीतून वर्गणीचं सॉफ्टवेअर पुढे आलं. पूर्वी सॉफ्टवेअर एकदा विकत घ्यायचं आणि आपल्या संगणकात टाकायचं, असा व्यवहार होता. आता महिन्याची किंवा वर्षाची रक्कम भरायची. कंपनीचा सर्व्हर दूर कुठेतरी असतो. केसपेपर, बिलं, औषधांचा साठा, रिपोर्ट आणि चित्रं तिथे जाऊन बसतात. लातूरकरांना हा व्यवहार समजावून सांगायला वखारीचं उदाहरण पुरे आहे. शेतकरी आपलं सोयाबीन किंवा तूर घरी ठेवायला जागा नाही म्हणून गोदामात ठेवतो, भाडं भरतो, पावती घेतो. माल त्याचाच, जागा दुसऱ्याची.

या गोदामाचे फायदे खरे आहेत, ते नाकारून चालणार नाही. रात्री दोन वाजता अपघाताचा पेशंट आला आणि गावात रेडिओलॉजिस्ट नसला, तर पुण्यात किंवा बंगळुरूत बसलेला तज्ज्ञ काही मिनिटांत चित्र पाहून मत देतो. या दिशेचे पहिले प्रयोग सरकारी होते. २००१ पासून ‘इस्रो’ने उपग्रहाच्या मदतीने दूरवरची रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडायला सुरुवात केली. महाराष्ट्रात मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जिल्हा रुग्णालयं जोडण्याचा प्रकल्प झाला. तेव्हा त्यासाठी छतावर मोठी तबकडी लागत असे. आता साधी इंटरनेट जोडणी पुरते.

करोनाच्या काळात तर हा विषय घराघरांत पोचला. २०२०-२१ मध्ये ‘एचआरसीटी’ आणि पंचवीसपैकी ‘स्कोअर’ हे शब्द शेतावरच्या गड्यालाही पाठ झाले. तपासणीचे दर इतके वाढले, की सप्टेंबर २०२० मध्ये राज्य सरकारला यंत्राच्या क्षमतेप्रमाणे दोन ते तीन हजार रुपयांची मर्यादा घालावी लागली. लोक फिल्म खिडकीला लावत, मोबाइलने तिचा फोटो काढत आणि ओळखीच्या डॉक्टरांना व्हॉट्सॲपवर पाठवत. डॉक्टर त्यावरून मत देत, कारण दुसरा इलाज नव्हता. पण आधीच अपुरी असलेली छापील प्रत, त्यातही तिचा फोटो! मूळ आकडे हाती नसले की काय हरवतं, ते तेव्हा पुष्कळ डॉक्टरांनी अनुभवलं.

आता गोदामाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. भाडं थकलं तर वखारवाला म्हणू शकतो, की आधी भाडं भरा, मग माल न्या. हे आपल्या राज्यात खरोखर घडलं आहे. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने २००८ च्या सुमारास सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी संगणकीय रुग्णालय माहिती व्यवस्था आणायला सुरुवात केली. ‘एचएमआयएस’ या नावाने ती ओळखली जाई. काम एका बहुराष्ट्रीय कंपनीकडे होतं. बाह्यरुग्ण विभागाची नोंदणी, दाखल रुग्णांचे कागद, प्रयोगशाळेचे अहवाल तिच्यावर चालू लागले. वर्षानुवर्षांच्या नोंदी तिच्यात जमा झाल्या. मग कराराची मुदत आणि थकलेली देणी यांवरून वाद झाला आणि जुलै २०२२ मध्ये ही सेवा थांबली.

ज्या रुग्णालयांत हजारो पेशंट रोज रांगेत उभे राहतात, तिथे एका दिवसात पुन्हा हाताने केसपेपर लिहायची वेळ आली. नवी नोंद वहीत करता येते. पण जुनी कुठून आणायची? किडनीच्या किंवा कर्करोगाच्या पेशंटला जुना अहवाल लागतोच. तो आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण उघडता येत नव्हता. यंत्रं मोडली नव्हती, आग लागली नव्हती, भूकंप झाला नव्हता. थांबला होता तो एक व्यवहार. पुढे या महाविद्यालयांनी केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ‘ई-हॉस्पिटल’ प्रणालीकडे वळायला सुरुवात केली.

यात कंपनी वाईट की सरकार वाईट, हा वाद मला इथे घालायचा नाही. केलेल्या कामाचे पैसे मागणं गैर नाही आणि सार्वजनिक पैशाचा हिशेब तपासणंही गैर नाही. पण त्या दोघांच्या भांडणात ज्याच्या शरीराच्या त्या नोंदी होत्या, तो पेशंट कुठेच नव्हता. करारावर त्याची सही नव्हती आणि गोदामाची पावती त्याच्या खिशात नव्हती.

कायद्याने मात्र माल त्याचाच आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. चित्रांसाठी डायकॉम वापरावं, असं त्यांत सांगितलं आहे. नोंदीतल्या माहितीचा मालक पेशंट, रुग्णालय तिचं विश्वस्त, आणि ज्या साधनावर ती साठवली ते साधन रुग्णालयाचं, अशी वाटणीही त्यांत आहे. त्याआधी २००२ च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनी डॉक्टरांवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ठेवायच्या आणि पेशंटने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या. ऑगस्ट २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. म्हणजे कागदावर पेशंटचा हक्क पूर्वीपेक्षा पक्का झाला. पण फिल्मच्या जमान्यात हा हक्क कुठे लिहिलेला नसूनही चित्र पेशंटच्या ट्रंकेत होतं, आणि आज हक्क लिहिलेला असून चित्र त्याने कधी न पाहिलेल्या सर्व्हरवर आहे. मालकी आणि ताबा यांची अशी फारकत झाली आहे.

ताबा ज्याच्याकडे आहे तो कुलूप नीट लावतो का, हाही प्रश्न आहेच. २०१९ आणि २०२० मध्ये ग्रीनबोन नावाच्या जर्मन कंपनीने जगभरातल्या वैद्यकीय चित्रांच्या सर्व्हरांची पाहणी केली. भारतातली १२ कोटींच्या आसपास चित्रं कुणालाही उघडता येतील अशी इंटरनेटवर पडलेली होती. राज्यांमध्ये पहिला क्रमांक महाराष्ट्राचा होता. तीन लाखांहून अधिक नोंदसंच आणि जवळपास सात कोटी चित्रं! चोराने कुलूप तोडलेलं नव्हतं; कुलूप लावलेलंच नव्हतं. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयाचं काम कित्येक दिवस हाताने करावं लागलं. स्वतःचा सर्व्हर असला म्हणजे सगळं सुरक्षित, असंही यातून म्हणता येत नाही. गोदाम स्वतःचं असो की भाड्याचं, राखणदार लागतोच.

मग पिशवीकडे परत जायचं का? नाही. फिल्म पावसात भिजते, चिकटते, हरवते आणि तिच्यावर पूर्ण चित्र नसतंच. नांदेड-लातूरच्या वीस-पंचवीस खाटांच्या रुग्णालयाने वर्गणीचं सॉफ्टवेअर घेतलं तर त्यात काही चूक नाही. फक्त वखारीत माल ठेवताना शेतकरी जे विचारतो, तेवढं विचारून घ्यावं. वर्गणी थांबली तर नोंदी किती दिवस राहतील? त्या परत देताना डायकॉमसारख्या सर्वमान्य स्वरूपात मिळतील, की फक्त त्या कंपनीच्याच संगणकावर उघडतील? परत देण्याचे वेगळे पैसे आहेत का? दुसरी प्रत कुठे ठेवली आहे? आणि आपली माहिती आणखी कोण पाहतं? ही उत्तरं तोंडी नकोत, करारात लिहिलेली हवीत. भांडण झाल्यावर करार वाचायला घेतला तर उशीर झालेला असतो. २०२२ ने ते दाखवून दिलं आहे.

पेशंटच्या हातात करण्यासारखं यापेक्षा सोपं आहे. स्कॅन झाल्यावर फक्त छापील रिपोर्टवर किंवा मोबाइलच्या लिंकवर समाधान मानू नये. लिंकची मुदत संपते. मूळ डायकॉम चित्रं सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्यावीत, घरातल्या शिकलेल्या मुलाकडून ती उघडतात का ते पाहावं आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी. ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झालं आहे आणि त्यात पेशंटच्या संमतीने नोंदी एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्याची सोय आहे. ती प्रत्येक तालुक्यापर्यंत पोचेल तेव्हा पोचेल. तोवर सीडी मागताना संकोचू नये. आपण उपकार मागत नसतो, आपलाच माल परत घेत असतो.